हिस्लॉपमधला झ

माझी पुतणी, म्हणजे लहान भावाची पोरगी, मास्टर्ससाठी एडिंबराला आहे. गेल्या सप्टेंबरात गेली. पहिल्याच आठवड्यात क्लासमध्ये सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली, तिनं सांगितलं मी इंडियातून, नागपूरहून, हिस्लॉप कॉलेज. तर बाजूची पोरगी म्हणे, ओ, हिझ्लप! पुतणीनं पुन्हा सांगितलं, हिस्लॉप. ती पुन्हा म्हणे, हो हो, हिझ्लप, माझ्या आजोळी आहेत दोन-तीन घरं.

त्या रात्री अकरा वाजता हिचा व्हिडिओ कॉल. "मोठेबाबा, आपण सगळे चुकीचं म्हणून राहिलो. त्यात झ आहे."

मला खरं सांगू तर रागच आला. अरे आम्ही तिथं तीन वर्षं काढली, चौऱ्याण्णवची बॅच आमची, तेव्हा कोणी झ काढला नाही अन् आता ही मले शिकवून राहिली. आमचे आबाजी तर 'इस्लाप' म्हणायचे. ऑटोवाला हिस्लाप म्हणतो, पानठेलेवाला हिस्लाप, घरी पत्रिका येते त्यात हिस्लॉप. मी म्हटलं, बेटा, ते त्यांचं आडनाव असेल, आपलं कॉलेज आहे. तर म्हणे, पण नाव तर त्यांच्याच आडनावावरून आहे न?

इथं माझी बोलती बंद झाली, कारण लक्षात आलं की हिस्लॉप हे आडनाव आहे हेच मी कधी नीट विचारात घेतलं नव्हतं. हिस्लॉप म्हणजे कॉलेज. जसं झिरो माइल म्हणजे झिरो माइल. एवढं माहीत होतं की कोणी स्कॉटिश पाद्री होते, इथं शाळा काढली, अन् नाल्यात वाहून गेले. बस्. आडनावाला काही अर्थ असतो, ते कुठून तरी आलेलं असतं, हे आपण आपल्याबद्दल विचारतो (अन् आपल्याकडे तर जरा जास्तच विचारतो, आडनाव ऐकलं की समोरच्याच्या डोक्यात पुढचा हिशोब चालू होतो, ते एक वेगळंच), पण साहेबाच्या आडनावाबद्दल कोण विचारते. साहेब म्हणजे साहेब.

मग मी बसलो शोधत. उन्हाचे दिवस होते, दुपारी बाहेर निघायची सोय नाही, कूलरसमोर बसून दुसरं करणार काय.

तर हिस्लॉप हे माणसाचं नाव नाहीच मुळात. ते जागेचं नाव आहे. जुन्या इंग्रजीतले दोन शब्द, 'हेसल' अन् 'हॉप'. हेसल म्हणजे हेझल, तेच हेझलनटचं झाड, ज्याची कॉफी आजकाल धरमपेठेत मिळते अन् पोरं दोनशे रुपये देऊन पितात. अन् हॉप म्हणजे डोंगराच्या कुशीतलं लहानसं खोरं, मोठ्या दरीला बाजूनं येऊन मिळणारं, तिन्ही बाजूंनी बंद. म्हणजे हेझलच्या झाडांचं खोरं. तिथं राहणारा तो हिस्लॉप. मधला ह बोलता बोलता गिळला गेला, हेसलहॉपचं हेसलप, हिसलप असं होत गेलं. म्हणजे आपण जे 'हिस-लॉप' असं तोडून म्हणतो ते तोडणंच चुकीच्या जागी आहे, खरी तोड 'हिसल-ऑप' अशी आहे. अन् हेझलमधला झ तिथं अजून जिवंत आहे, लिहिताना एस लिहितात अन् म्हणताना झ म्हणतात. पुतणी बरोबर होती. मी तिला लगेच सांगितलं नाही.

आता गंमत पहा. आमचं आडनाव जांभुळकर. जांभळाची झाडं असलेल्या गावचे. मी तिथं कूलरसमोर बसून अक्षरशः हसलो, की तीन वर्षं ज्याच्या नावाच्या कॉलेजात बसलो तो तर आपलाच आडनावभाऊ निघाला! झाड अधिक जागा. तिकडं हेझल, इकडं जांभूळ. आमच्यात शेवटी 'कर' लागतो म्हणून गाव आहे हे कळते तरी, त्यांच्याकडे तसा काही प्रत्यय नाही, गावाचं नाव जसंच्या तसं माणसाला चिकटते. 'हॉप' असलेली आडनावं अन् गावं त्या भागात भरपूर आहेत, स्टॅनहोप म्हणजे दगडांचं खोरं, कर्कहोप म्हणजे चर्चचं खोरं. स्पेलिंग पाहून आपल्याला वाटते काहीतरी आशा-बिशा असेल. आशेचा काही संबंध नाही, सगळी डोंगराची भाषा आहे.

हेझल हे काही शोभेचं झाड नाही हेही मला नव्हतं माहीत. तिकडच्या गरीब माणसाचं झाड. कोलोन्से नावाच्या स्कॉटिश बेटावर सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचा एक खड्डा सापडलाय, त्यात भाजलेल्या हेझलच्या कवचांचे ढीगच्या ढीग, लाखांनी. म्हणजे शेती यायच्या आधी तिथली माणसं हेच भाजून खात होती. अन् त्याच्या बारीक लवचिक फांद्या विणून घराच्या भिंती करायचे, वरून माती लिंपायचे. मी हे वाचलं अन् मला एकदम आमच्या गावचं जुनं घर आठवलं, तुराट्यांचा कूड अन् त्यावर शेणमातीचा लेप. पावसाळ्यात एका कोपऱ्यातून तो लेप पडायचा अन् आतल्या तुराट्या दिसायच्या, आजी दरवर्षी तोच कोपरा लिंपायची. कूड तो कूडच, तिकडं हेझलचा, आमच्याकडे तुरीचा.

आता हे आडनाव कुठलं, तर सीमेवरचं. स्कॉटलंड अन् इंग्लंडच्या मधला जो डोंगराळ पट्टा आहे, ज्याला ते नुसतं बॉर्डर्स म्हणतात, तिथलं. स्कॉटिश म्हटलं की आपल्या डोक्यात ते घागरेवाले, बॅगपाइपवाले, मॅकडोनाल्ड, मॅकग्रेगर येतात, पण ते उत्तरेकडचे, हायलँडचे. तिकडची भाषाच वेगळी होती, गेलिक, अन् मॅक म्हणजे मुलगा, अमक्याचा मुलगा. हायलँडात तर पार अठराव्या शतकापर्यंत कित्येकांना कायमचं आडनाव नव्हतं, बापाचं नाव लावायचं अन् चालायचं, पुढच्या पिढीत बदलून जायचं. दक्षिणेकडं आडनावं आधी पक्की झाली. बाराव्या शतकात पहिला डेव्हिड नावाचा राजा होता (११२४ ते ११५३), त्यानं नॉर्मन सरदार आणून जमिनी दिल्या, त्या लोकांना गावाचं नाव लावायची सवय होती. रॉबर्ट द ब्रूसचं ब्रूससुद्धा फ्रान्समधल्या ब्री नावाच्या गावाचं. मग त्यांचं पाहून बाकीचे. आधी सरदार, मग जमीनवाले, मग साधे शेतकरी. १२९६ साली इंग्लंडच्या राजानं, पहिल्या एडवर्डनं, बेरिकला सगळ्या स्कॉटिश जमीनदारांना बोलावून ताबेदारीच्या सह्या घेतल्या, दोन हजाराच्या आसपास नावं आहेत त्यात, अन् आज आडनावांचा अभ्यास करणारे त्याच यादीवर जगतात. ज्या कागदानं नाक कापलं तोच आता वंशावळीचा पुरावा. आपल्याकडेही जुन्या सरकारी कागदांचं तसंच असते म्हणा.

बेरिकवरून एक आठवलं. आपले हिस्लॉप साहेब डन्स नावाच्या गावचे, ते गाव बेरिकशर परगण्यात. अन् हा परगणा ज्या बेरिक गावावरून ओळखला जातो ते बेरिकच स्कॉटलंडमध्ये नाही! इंग्लंडमध्ये आहे. कितीदा इकडून तिकडं झालं अन् १४८२ पासून इंग्लंडकडेच राहिलं. म्हणजे नाव इकडं राहिलं, गाव तिकडं गेलं. आपण नागपूरवाल्यांनी हसू नये, १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत आपणही मध्य प्रदेशची राजधानी होतो.

या सीमेवर तीनशे वर्षं नुसती मारामारी. आर्मस्ट्राँग, इलियट, स्कॉट, कर, निक्सन, ग्रॅहम, ही सगळी तिकडच्या दरोडेखोर घराण्यांची नावं, रात्री घोड्यावरून जायचं अन् शेजारच्या खोऱ्यातली गुरं हाकून आणायची. (हो, कर हेही एक आडनाव आहे तिकडं, आपल्या कर शी काही नातं नाही.) १५२५ साली ग्लासगोच्या आर्चबिशपनं या लोकांना लांबलचक शापच दिला होता, डोक्याच्या केसापासून पायाच्या तळव्यापर्यंत. हिस्लॉप या नामांकित दरोडेखोरांत येत नाहीत. मला वाटते ते आपलं खोऱ्यात बसून कूड विणत असावेत.

स्पेलिंगचा प्रकार मात्र वाचण्यासारखा आहे. हिस्लॉप, हिस्लॉप वायवालं, हेस्लॉप, हॅस्लॉप. सगळे एकच. स्कॉटलंडमध्ये आयवालं अन् वायवालं, सीमेपलीकडं इंग्लंडात हेस्लॉप जास्त. यात कोणी ठरवून काही केलेलं नाही, चर्चमध्ये बाळाचं नाव नोंदवायला गेलं की तिथला कारकून कानाला जसं ऐकू आलं तसं लिहायचा, बापाला लिहिता येत नसलं तर तो तपासणार काय. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी तिकडं १८५५ ला सुरू झाली, त्याच्या आधी सगळा चर्चच्या वह्यांचा कारभार. अन् तिकडच्या वह्यांत एक चांगली गोष्ट सापडली, लग्न झालेल्या बायकांची नावं माहेरच्या आडनावानं लिहिलेली असायची, थडग्याच्या दगडावरसुद्धा. त्यामुळं आजही कोणाला आजीच्या आजीचं घराणं शोधायचं तर सापडते. माझ्या आजीचं माहेरचं आडनाव मला मोठ्या आत्याला फोन करून विचारावं लागलं. तिलाही आठवायला वेळ लागला.

स्पेलिंगच्या बाबतीत मी कोणाला हसायच्या लायकीचा नाही. आमच्या घरात चार माणसं अन् जांभुळकरची चार स्पेलिंगं. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर बीनंतर एच आहे. आधारमध्ये एच नाही. पॅनमध्ये एच आहे पण यूच्या जागी दोन ओ. बाबांच्या पेन्शनच्या कागदावर तर 'जामुलकर' आहे, कोण्या तरी हिंदी बोलणाऱ्या बाबूनं जांभळाचा सरळ जामुन करून टाकला. बाबा गेल्यावर ते एक अक्षर सिद्ध करायला आईला अ‍ॅफिडेव्हिट करावं लागलं, की जांभुळकर अन् जामुलकर हा एकच माणूस होता अन् तो माझा नवरा होता. पाचशेचा स्टॅम्प, दोन साक्षीदार, अन् त्या ऑफिसात तीन चकरा. डन्सच्या चर्चमधल्या कारकुनाबद्दल म्हणूनच मला एकदम आपुलकी वाटून राहिली.

झ चं प्रकरण अजून संपलं नाही. स्कॉटलंडमध्ये मेन्झिस नावाचं एक आडनाव आहे. लिहिताना त्यात झेड आहे. अन् म्हणताना म्हणतात 'मिंगिस'. डालझील लिहितात, 'डीएल' म्हणतात. हे कसं, तर जुन्या स्कॉट्स लिपीत योख नावाचं एक अक्षर होतं, य अन् घ च्या मधला कुठला तरी उच्चार, दिसायला तीनच्या आकड्यासारखं. छापखाने आले तेव्हा त्यांच्याकडे त्या अक्षराचा खिळा नव्हता, दिसायला जवळचा म्हणून झेडचा खिळा लावून दिला अन् तो तसाच बसला. म्हणजे मेन्झिसमध्ये झेड लिहितात पण म्हणत नाहीत, अन् हिस्लॉपमध्ये म्हणतात पण लिहित नाहीत. या लोकांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं अन् स्पेलिंगसाठी छड्या खाल्ल्या आम्ही.

पुतणीनं हे ऐकलं अन् ती पेटली. तिकडच्या एका स्मरणवस्तूंच्या दुकानात गेली, तिथं आडनावाप्रमाणं मग, कीचेन, टाय, सगळं मिळते. दुकानदार मोठ्या प्रेमानं म्हणे, तुझं आडनाव काय, आमच्याकडे बहुतेक सगळ्यांचं सापडते. ही म्हणे जांभुळकर. त्यानं कॉम्प्युटरवर टाइप करायला घेतलं, जे, ए, मग थांबला. मग तो म्हणे की सर्वांना चालणारा एक जनरल टार्टन, म्हणजे घराण्याचं चौकडीचं कापड असते तसा, आहे, तो घे. तिनं नाही घेतला, बारा पौंडांचा होता. बरं झालं, कारण हा सगळा धंदाच उशिराचा आहे. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा घागरा अन् चौकडीच्या कापडाची जी लाट आली, त्यानंतर दक्षिणेकडच्या घराण्यांनीही आपापलं कापड ठरवून घेतलं, ज्यांच्या पणजोबांनी कधी घागरा घातला नव्हता त्यांनीसुद्धा. अन् तिकडच्या कायद्यानं मानचिन्ह आडनावाचं नसतेच, एका माणसाचं असते, त्यासाठी लॉर्ड लायन नावाचा अधिकारीच बसवलाय. कीचेनवाल्याला मात्र सगळं चालते.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

आपल्या इतिहासात हिस्लॉप दोन आहेत. अन् दोघांचाही नागपूरशी संबंध, अन् दोघांचंही साल एकच, १८१७.

पहिला सर थॉमस हिस्लॉप. जनरल. हा आधी तिकडं त्रिनिदादचा गव्हर्नर होता, १८०३ ते १८११. मग १८१२ मध्ये मुंबईला मोठ्या हुद्द्यावर यायला निघाला, एचएमएस जावा नावाच्या जहाजावरून. तेव्हा इंग्लंड अन् अमेरिकेचं युद्ध चालू होतं. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, २९ डिसेंबरला, अमेरिकन कॉन्स्टिट्यूशन जहाजानं जावा फोडलं अन् हा जनरल प्रवासी म्हणून बसल्या बसल्या कैदी झाला. सुटला, पुढं मद्रासला सेनापती होऊन आला, अन् १८१७ मध्ये मराठ्यांविरुद्ध जी मोठी फौज उभी झाली, आर्मी ऑफ द डेक्कन, तिचा हा मुख्य. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला, उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी, होळकरांचा पराभव यानंच केला. फेब्रुवारी १८१८ मध्ये खानदेशात तापीकाठी थाळनेरच्या किल्ल्यावर यानं किल्लेदाराला फाशी दिली, त्यावरून इंग्लंडातसुद्धा ओरड झाली.

अन् नागपूर? सीताबर्डीची लढाई २६-२७ नोव्हेंबर १८१७ ची, ती आपल्याला शाळेपासून माहीत आहे, आप्पासाहेब भोसले अन् रेसिडेंट जेन्किन्स. त्यानंतर जो जनरल डव्हटन फौज घेऊन आला अन् ज्यानं डिसेंबरात नागपूर घेतलं, तो याच हिस्लॉपच्या फौजेच्या दुसऱ्या डिव्हिजनचा प्रमुख. म्हणजे भोसल्यांचं नागपूर ज्या फौजेनं घेतलं तिच्या सर्वांत वरच्या माणसाचं आडनाव हिस्लॉप. मी हे दोनदा तपासलं. अन् अजून एक, या थॉमसची मुलगी एमा मिंटो घराण्यात दिली होती, हे मिंटो गावही त्याच बॉर्डर्समधलं, अन् तिचा मुलगा म्हणजे आपला व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो, १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणावाला. एमपीएससीवाल्या पोरांनो, पाठ करा.

दुसरा आपला, स्टीफन. तिकडं सीताबर्डीवर तोफा चालायच्या अडीच-तीन महिने आधी, ८ सप्टेंबर १८१७ ला डन्समध्ये जन्मला. बाप गवंडी, दगडाचं काम करणारा. हे मला फार आवडलं कारण पोरगं पुढं जन्मभर दगडांच्याच मागं लागलं. १८४५ च्या फेब्रुवारीत बायकोसोबत नागपूरला आला, मराठी शिकला, पुढच्या वर्षी शाळा काढली, अन् धर्मप्रचार करता करता बैलगाडीनं गावोगाव फिरताना हातोडी घेऊन खडक फोडत बसायचा. सोबतीला रॉबर्ट हंटर नावाचा दुसरा स्कॉटिश पाद्री. (हंटर, म्हणजे शिकारी, हे धंद्यावरचं आडनाव.) कामठीच्या वालुकाश्मात वनस्पतींचे जीवाश्म, टाकळीला गोड्या पाण्यातले शंख, मांगलीला एका चपट्या डोक्याच्या उभयचर प्राण्याची कवटी. ती कवटी लंडनला गेली अन् तिचं वर्णन रिचर्ड ओवेननी केलं, डायनोसॉर हा शब्द ज्यांनी १८४२ मध्ये घडवला तेच. धर्मांतर किती केलं हा वेगळा विषय आहे, त्यावर माझी मतं आहेत अन् ती इथं नको. पण आपल्या पायाखालच्या खडकाचं वय काय हे विचारणारा इथला तो पहिल्यांतला माणूस, हे मान्य करावं लागते.

अन् मग ते आडनाव पुढं गेलं, माणसाला सोडून. १८५८ मध्ये गोड्या पाण्यातल्या एका बारीक जीवाला नाव मिळालं हिस्लोपिया. तळ्यातल्या शंखा-शिंपल्यांवर जाळीसारखा पसरतो तो. १८५९ मध्ये टाकळीला सापडलेल्या हिरव्या रंगाच्या कॅल्साइटला नाव मिळालं हिस्लोपाइट. म्हणजे एका खोऱ्याचं नाव माणसाला, माणसाचं प्राण्याला, मग दगडाला, अन् १८८३ मध्ये कॉलेजला. आज त्यावर ऑटो थांबतात. बॉर्डर्समधल्या त्या मूळ खोऱ्यात, कुठलं का असेना, कोणाला सांगितलं की तुमच्या हेझलच्या नावानं नागपुरात 'हिस्लाप चौकात सोडा' असं म्हणतात तर त्याला पटणार नाही.

शेवटची वर्षं तो गोंडांच्या मागं होता. परधान गायकांकडून लिंगोचं, म्हणजे गोंडांच्या आदिपुरुषाचं, गाणं ऐकून, शब्दन् शब्द लिहून घेतलं. ते कागद त्याच्या मरणानंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले. टेंपल तेव्हा मध्य प्रांताचे चीफ कमिशनर. ४ सप्टेंबर १८६३ ला दोघं टाकळघाटला होते, बुटीबोरीजवळ, तिथली दगडांची प्राचीन वर्तुळं पाहायला. संध्याकाळी हिस्लॉप घोड्यावरून एकटा परत निघाला, वर कुठंतरी पाऊस झाला होता, नाला भरून आलेला, त्यात गेला. वाढदिवसाला चार दिवस बाकी होते, शेहेचाळीस पूर्ण झाले असते. कॉलेजचा पत्ता टेंपल रोड, हे मला तेव्हा आठवलं अन् मी थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवून दिला.

टाकळघाटला मी जुलैत जाऊन आलो. बाइकवर, पाऊस नव्हता. आता तिकडं सगळं एमआयडीसीचं, ट्रकच ट्रक, नाल्यावर पूल आहे. नेमका कोणता नाला ते कोणाला विचारणार. पुलाच्या कठड्याजवळ गाडी लावली, खाली पाहिलं तर गुडघाभर पाणी, एक पोरगा म्हशी धूत होता. मी विचारलं, पाण्याला ओढ असते का रे इथं? म्हणे, "आता नाही जी, पर वरून आलं की मंग काय खरं नाही, म्हैस नेते."

पुतणी तिकडं डन्सला जाऊन आली, फेब्रुवारीत. बेरिकपर्यंत ट्रेन, पुढं बस. लहानसं गाव, म्हणे, आपल्या काटोलपेक्षाही लहान, चौकात एक जुना दगडी खांब अन् बागेत डन्स स्कोटस नावाच्या मध्ययुगीन विद्वानाचा पुतळा. रस्त्याच्या कडेला कुंपणात हेझल होतं, तिनं जवळून फोटो पाठवला. पानं एकही नाही, नुसत्या काळपट काड्या अन् त्यांना लटकलेले पिवळे लोंबे, बोटभर लांब, झुमक्यासारखे. म्हणे, हात लावला की पिवळी भुकटी उडते. मी तिला आमच्या कॉलनीतल्या जांभळाचा फोटो पाठवला, त्याखालच्या जांभळ्या डागांच्या ॲक्टिव्हासकट, मागच्या जूनमधला.

त्याच परिसरातला अजून एक हिस्लॉप तिनंच शोधला. स्टीव्ह हिस्लॉप, मोटारसायकल रेसर, हॉइकचा, जन्म १९६२. आइल ऑफ मॅनची ती जीवघेणी शर्यत अकरा वेळा जिंकला, १९८९ मध्ये तिथं एका फेरीत ताशी १२० मैलांच्या वर सरासरी काढणारा पहिला. २००३ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेला. त्याला सगळे 'हिझी' म्हणायचे. पुतणी म्हणे, पहा मोठेबाबा, टोपणनावातच झ आहे, आता तरी माना. मानलं म्हटलं.

परवा आधारमधलं स्पेलिंग दुरुस्त करायला गेलो, किती वर्षं टाळत होतो. काउंटरवर बावीस-तेवीसचा पोरगा, गळ्यात कॉलेजचं आयकार्ड, सकाळी कॉलेज अन् दुपारी हे काम. नाव टाइप करता करता थांबला, "काका, बीच्या मागं एच टाकायचा न?" मी म्हटलं, टाक, त्याच्यासाठीच आलो. मग विचारलं, कोणत्या कॉलेजात आहेस?

"हिस्लाप, सर. थर्ड इयर."

झ माझ्या तोंडापर्यंत आला होता. मी म्हटलं, "छान. आम्हीही हिस्लापचेच."

पोरगा हसला, पावती प्रिंट करून दिली. बाहेर येऊन पाहिली. इंग्रजीत अक्षरन् अक्षर बरोबर. अन् खाली मराठीत 'जाभुळकर'. अनुस्वार गायब.